मेळ्यांतलें धाकटें माणूस

ज्येष्ठ महिना लागला, वऱ्हाडांतल्या उन्हाची धार किंचित् बोथट झाली आणि पश्चिमेकडे एखादा ढग दिसूं लागला, कीं मुक्ताईनगराहून एक पालखी पंढरीच्या वाटेस लागते. मुक्ताईनगर म्हणजे पूर्वींचें एदलाबाद. गांव जळगांव जिल्ह्यांतलें. परंतु तेथून निघालेली ही पालखी लौकरच बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दींत शिरते. मलकापूर, मोताळा, मग राजूरचा घाट चढून बुलढाणा, पुढें चिखली, देऊळगांवराजा आणि तेथून जालन्याकडे, असा तिचा मार्ग आहे. हिची परंपरा तीनशें वर्षांहून जुनी सांगतात. पंढरीस पोंचावयास महिन्याहून अधिक काळ लागतो, आणि लांबच्या पल्ल्याच्या पालख्यांत हिची गणना होते.

या पालखीसंबंधीं एक गोष्ट सर्वांस ठाऊक असून सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. जिच्या पादुका ही पालखी वाहते, ती मुक्ताबाई आपल्या साऱ्या मेळ्यांत वयानें धाकटी होती. पिकल्या मिशांचे वीणेकरी आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या सुरकुतल्या हातांच्या आजीबाई महिनाभर उन्हापावसांतून चालतात, त्या एका अठरा वर्षांच्या मुलीच्या मागून चालतात.

ही गोष्ट आज सांगावयाचें कारण असें, कीं याच जिल्ह्यांतल्या एका भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. तिच्या सासूबाई सहासष्ट वर्षांच्या. गेलीं सात वर्षें त्या या पालखीबरोबर पायीं जातात. यंदां तेरा वर्षांच्या नातीनें हट्ट धरला आहे, कीं मीहि आजीबरोबर येणार. त्यांच्या दिंडींत तिच्या वयाचें दुसरें कोणीहि नाहीं. तिच्या खालोखाल धाकटी म्हणावी अशी जी बाई, तीच मुळीं छत्तिशीची. मामंजींचें म्हणणें, पोरीला पाठविणें म्हणजे दहा माणसांच्या गळ्यांत धोंड बांधणें. मुलीच्या वडिलांस शाळेची काळजी. आजी म्हणते, येऊं दे, चार माणसांत वावरावयास शिकेल. आणि हट्ट धरणारी मुलगी रात्रीं आईच्या कुशींत शिरून हळूच विचारते, "पण आई, तिथं सगळींच मोठीं. मला हसतील का ग?" भगिनीनें आम्हांस सरळ प्रश्न केला आहे: पाठवावी कीं न पाठवावी?

याचें उत्तर खासगी पत्रानें देतां आलें असतें. परंतु हा प्रश्न एकाच घरचा नव्हे. वारी नसेल तर काशी-रामेश्वराची यात्रा असेल, प्रवासी कंपनीबरोबर काढलेली चारधाम असेल, किंवा लोणारचें सरोवर पाहावयास निघालेला नातलगांचा ताफा असेल. चाळीस माणसांत एखादेंच मूल असावें, हा प्रसंग आजकाल वारंवार येतो. कारण घरें लहान झालीं, भावंडें एक किंवा दोन राहिलीं, आणि प्रवास मात्र पूर्वींपेक्षां कितीतरी वाढले. तेव्हां या धाकट्या प्रवाशाचा थोडा विस्तारानें विचार करणें योग्य होईल.

धाकट्याची स्थिति बाहेरून दिसते तशी आंतून नसते. पाहणारास वाटतें, केवढी चैन! पहिल्या पंगतींत पान त्याचें, मोटारींत खिडकीजवळची जागा त्याची, प्रसादाचा पेढा दोनदां त्याच्याच हातावर. परंतु त्याच्या बाजूनें पाहावें. मेळ्यांत वीस मोठीं माणसें असलीं, तर त्याला वीस वडील असतात. एक म्हणतो पुढें चल, दुसरा म्हणतो मागें थांब. एकीची पाण्याची बाटली भरून आणावी, तों दुसरीचा चष्मा झाडाखालीं विसरलेला असतो. "जा ग बाळ, तुझे पाय तरणे आहेत," हें वाक्य दिवसांतून दहा वेळां कानीं येतें, आणि संध्याकाळीं तेच तरणे पाय दुखूं लागले म्हणून तोंडांतून शब्द निघाला, कीं "एवढ्यांत? आम्ही तुझ्या वयाच्या असतांना..." हें आख्यान सुरू होतें. मोठ्यांच्या गप्पा रंगतात, पण त्यांतलीं माणसें, गांवें आणि विनोद सर्व त्याच्या जन्मापूर्वींचे. तें जवळ येऊन बसलें, तर बोलणाऱ्यांचा आवाज उतरतो. हंसूं यावें असें कांहीं दिसलें, तर कोणाच्या डोळ्यांकडे पाहून हंसावें हा त्याला प्रश्न पडतो. शेंकडों माणसांत असूनहि समवयस्क डोळ्यांची एक जोडी न मिळणें, हें एकटेपण मोठ्यांच्या लक्षांतहि येत नाहीं.

यांतून धाकटें माणूस एक विद्या फार लवकर शिकतें, ती म्हणजे थकवा लपविण्याची. चिडवतील म्हणून तें पायाला आलेला फोड दाखवीत नाहीं. वाट थांबवावी लागेल म्हणून तहान सांगत नाहीं. भलत्या वेळीं कसें म्हणावें म्हणून लघुशंका आवरून धरतें. मामंजींना वाटतें कीं पोर दहा माणसांना त्रास देईल. आमची भीति उलट आहे. समंजस मूल त्रास देत नाहीं, आणि तेवढ्यामुळेंच आजारी पडतें. मुलांच्या शरीराची रीतिहि मोठ्यांहून वेगळी असते. लोणारचेंच उदाहरण घ्या. उल्कापातानें पडलेलें, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर. कांठावरून पाण्याकडे उतरूं लागलें कीं मूल पुढें धांवत सुटतें आणि मोठीं माणसें "थांब, थांब" म्हणून ओरडतात. परतीच्या चढावर मोठीं माणसें धापा टाकीत पण एका चालीनें वर येतात. मूल मात्र मध्येंच मट्कन बसतें. मोठा माणूस आपली शक्ति पैसापैसा करून खर्चतो. मूल रुपया एकदम मोडतें. उन्हानें त्याच्या अंगांतलें पाणीहि लवकर आटतें. हें न ओळखतां दोघांना एकाच चालीनें चालवावयाचें म्हणजे एकावर अन्याय व्हावयाचाच.

मेळ्याकडून धाकट्याच्या बाबतींत बहुधा तीन चुका होतात. पहिली, त्याला ओझें समजण्याची. अशा मुलाला सांभाळतात खरें, पण जसें सामान सांभाळतात तसें: मोजून गाडींत चढवावयाचें आणि मोजून उतरवावयाचें. दुसरी, त्याला खेळणें समजण्याची. मुक्काम आला कीं "म्हण एक अभंग," "करून दाखव ती नक्कल," असा आग्रह सुरू होतो. चार घटका सर्वांची करमणूक होते, आणि पुढें तें मूल कोठें आहे याची कोणास आठवणहि राहत नाहीं. तिसरी चूक सर्वांत गोड आणि सर्वांत घातक. "अहो, ती काय एकट्या आजीची आहे? आम्हां सगळ्यांचीच आहे," असें दिंडींतल्या बायका मोठ्या प्रेमानें म्हणतात. परंतु जें सर्वांचें असतें, त्याच्याकडे पाहण्याचें काम प्रत्येकजण दुसऱ्यावर सोंपवितो. आजीला वाटतें ती काकूंबरोबर आहे, काकूंना वाटतें ती आजीबरोबर आहे. आणि पोर चौकांत उभी राहून दोघींनाहि शोधीत असते. यात्रेंत मुलें हरवतात तीं प्रायः अशीं, प्रेमाच्या अभावानें नव्हे.

आतां ज्या मुलीची पालखी आपल्या दारावरून जाते, तिच्या मेळ्यानें तिला कसें वागविलें तें पाहूं. परंपरेनें मानलेल्या शकांप्रमाणें निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ मधला, ज्ञानदेवांचा ११९७, सोपानदेवांचा ११९९ आणि मुक्ताबाईचा १२०१, म्हणजे इसवी सन १२७९ चा. संन्याशाचीं मुलें म्हणून ब्रह्मवृंदानें वाळींत टाकलेलीं, आईबापांचें छत्र नाहींसें झालेलीं, अशीं हीं चार भावंडें शुद्धिपत्रासाठीं आळंदीहून पैठणास चालत गेलीं. मुक्ता त्या वेळीं आठनऊ वर्षांची असावी. आणि त्या मेळ्यांतला "वडील" म्हणावा असा जो निवृत्ति, तो तिच्याहून अवघा सहा वर्षांनीं मोठा. शके १२१२ मध्यें नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हां ही धाकटी बहीण अकराबारा वर्षांची होती. ज्या वयांत आपण मुलींना "तूं अजून लहान आहेस" म्हणून बैठकींतून आंत पाठवितों, त्या वयांत ही मुलगी मराठींतल्या सर्वश्रेष्ठ ग्रंथाच्या घडणीजवळ राहत होती. पुढें लोकांच्या बोलण्यानें दुखावून ज्ञानदेवांनीं पर्णकुटीची ताटी लावून घेतली, तेव्हां ती उघडविण्याचें काम याच बहिणीनें केलें, असें ताटीचे अभंग सांगतात. वडील भावाची समजूत धाकटीनें घालावी आणि त्यानें ती ऐकावी, यांत त्या भावाचाहि मोठेपणा आहे.

परंतु आमच्या विषयास सर्वांत जवळची कथा तेर गांवची. संतांचा मेळा गोरोबा कुंभारांच्या घरीं उतरला होता. त्या मंडळींत गोरोबा वयानें वडील. म्हणून सर्व त्यांस काका म्हणत. घर कुंभाराचें, तेव्हां मडकीं ठोकावयाचें थापटणें जवळच पडलेलें. बाकीचे संत परमार्थाच्या बोलण्यांत गढलेले होते. थापटण्याकडे लक्ष गेलें तें एका मुक्ताबाईचें. काका, हें काय? असें तिनें विचारलें. मडकें पक्कें कीं कच्चें हें यानें कळतें, असें काकांनीं सांगतांच तिचा दुसरा प्रश्न तयार: मग आम्ही बसलों आहोंत हीं मडकीं यानें पारखतां येतील का? काकांनीं थापटणें उचललें आणि एकेकाच्या डोक्यावर थापट मारीत चालले. बाकीचे शांत बसले. नामदेव मात्र रागावले, आणि मडकें कच्चें ठरलें. त्या अपमानाच्या टोंचणीनेंच नामदेव पुढें विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरु लाभला, असें परंपरा सांगते.

या कथेचें तात्पर्य कीर्तनकार नामदेवांच्या अंगानें काढतात, आणि तें यथार्थ आहे. आम्ही ती प्रवासाच्या अंगानें वाचतों. मेळ्यांतल्या सर्वांत धाकट्या मुलीनें सर्वांत वडील माणसाला प्रश्न केला. त्यानें तो हंसण्यावारी नेला नाहीं. उठून हातांत थापटणें घेतलें. इतर सर्वजण त्या घरीं पूर्वीं आलेले असतील, थापटणें त्यांनीं शंभरदां पाहिलें असेल, म्हणूनच त्यांना तें दिसलें नाहीं. ज्याला सर्वच नवें असतें, त्यालाच जुन्या वस्तु दिसतात. धाकट्याच्या अंगीं मेळ्याला देण्यासारखें कांहीं असेल, तर तें हेंच. मात्र मोठ्यांनीं गोरोबाकाकांसारखें उत्तर देण्याची तयारी ठेविली, तरच त्याचा उपयोग. "गप्प बस, तुला काय कळतें" म्हणून तो प्रश्न परतविला, तर थापटणें पडून राहतें आणि मडकें कच्चेंच राहतें.

येथेंच थांबलों असतों, तर भगिनीला उत्तर देणें सोपें होतें. परंतु या कथेचा शेवटहि तिच्यापासून लपवूं नये. शके १२१८ मध्यें, म्हणजे इ. स. १२९६ त, ज्ञानदेवांनीं आळंदीस समाधि घेतली. मग सोपानदेवांनीं सासवडास. उरलेला मेळा निवृत्तिनाथ व मुक्ताबाई यांच्यासह तीर्थें करीत तापीकांठीं आला. तेथें मेहूणजवळ, पुढल्या वर्षाच्या उन्हाळ्यांत, विजेच्या कडकडाटांत मुक्ताबाई दिसेनाशी झाली, अशी परंपरा आहे. मेळा संतांचा, शेजारीं थोरला भाऊ, आणि तरीहि सर्वांत धाकटी वाटेंतच गेली. भक्तांनीं त्या प्रसंगाला अंतर्धानाचें तेज दिलें. पण निवृत्तिनाथांच्या जागीं स्वतःला ठेवून पाहावें, म्हणजे मेळ्यांतल्या वडील माणसाच्या शिरावर केवढा भार असतो तें कळेल. प्रवासांत धोका असतोच. धोका नाहीं असें सांगून जो मूल मागतो, त्याच्या स्वाधीन तें करूं नये. धोका आहे हें मान्य करून त्याची व्यवस्था जो सांगतो, त्याचाच विचार करावा.

वारीनें ही व्यवस्था पुष्कळ अंशीं स्वतःच करून ठेविली आहे. दिंडींत प्रत्येकाची जागा ठरलेली असते: पुढें पताका, मागें टाळकरी, मृदंगी, वीणेकरी, मग तुळशी घेतलेल्या बाया. याच जिल्ह्यांतल्या शेगांवाहून गजानन महाराजांची पालखी अकोला, परभणी, सोलापूर या बाजूनें पंढरीस जाते. तिच्याबरोबरचे सुमारें सातशें वारकरी पांढऱ्या वेषांत ज्या शिस्तीनें ओळी धरून चालतात, ती पाहिली म्हणजे एवढ्या समुदायांत माणूस कां चुकत नाहीं तें उमगतें. ओळींतली एक जागा रिकामी दिसली, कीं शेजारच्यास तत्काळ कळतें. आणि दुसरी व्यवस्था शिस्तीहून थोर आहे. वारींत कोणी काका नसतो, साहेब नसतो. ज्याला त्याला "माउली" म्हणावयाचें. भेट झाली कीं एकमेकांच्या पायां पडावयाचें, आणि त्यांत वयाचा हिशेब नाहीं. सत्तर वर्षांचा म्हातारा वांकून तेरा वर्षांच्या मुलीच्या पायांस हात लावतो. घरीं जिला दिवसभर वडिलांच्या पायां पडावयास सांगतात, तिला या क्षणीं काय वाटत असेल याची कल्पना करावी. आपण लहान आहोंत ही गोष्ट तिच्या मनांतून जात नाहीं; परंतु लहान म्हणजे कमी, ही समजूत त्या एका नमस्कारानें कायमची ढिली होते.

धाकट्याला मोठ्यांबरोबरीनें वागविण्याचा आणखी एक दाखला आपल्या अलीकडच्या इतिहासांत आहे. १२ मार्च १९३० रोजीं महात्मा गांधी साबरमतीहून दांडीस निघाले. गायनाचार्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांच्यासारखे महाराष्ट्रीयहि त्या तुकडींत होते. गांधीजींनीं साठी पूर्ण केलेली. आणि तुकडींतला सर्वांत धाकटा, विठ्ठल लीलाधर ठक्कर, सोळा वर्षांचा. सुमारें २४० मैलांची ती वाटचाल २४ दिवस चालली. प्रत्येकानें प्रार्थना करावी, सूत कातावें आणि रोजनिशी लिहावी, हा नेम सर्वांना सारखा होता. लहान म्हणून कोणाला कातण्याची सूट नव्हती, आणि लहान म्हणून कोणाकडून इतरांची हलकीं कामें करून घ्यावयाचीं, अशीहि सोय त्या नियमांत नव्हती. धाकट्याला मानानें वागविणें म्हणतात तें हें. त्याचें काम ठरलेलें असावें, तें त्याच्या शक्तीइतकें असावें, आणि तें त्याचें म्हणून सर्वांनीं ओळखावें. वीसजणांचीं चिल्लर कामें करणारें मूल कंटाळतें. एक खरें काम मिळालेलें मूल ताठ मानेनें चालतें.

एवढ्या विचारानंतर भगिनीच्या प्रश्नाकडे वळूं. आमचें मत असें, कीं मुलीला पाठवावी. परंतु यंदां सबंध वारीस नव्हे. मलकापुरास पालखी आली कीं आजीबरोबर तिनें निघावें आणि जिल्ह्याची हद्द संपते तेथवर, देऊळगांवराजापर्यंत, चालावें. घरापासून कोणताहि मुक्काम फार दूर नाहीं. रात्रीं निरोप आला तरी सकाळीं बापाला तेथें पोंचतां येईल. विदर्भांतल्या शाळा उन्हाळ्यामुळें उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात, त्यामुळें पुष्कळ वर्षीं हा टप्पा सुटींत बसतो. न बसला तर चार दिवसांची रजा मागण्यास वडिलांनीं संकोचूं नये. राजूरचा घाट स्वतःच्या पायांनीं चढलेल्या मुलीला सबंध वारी झेपेल कीं नाहीं, हें पुढल्या वर्षीं कोणाच्या तर्कावर ठरवावें लागणार नाहीं. तीच सांगेल.

पाठवितांना कांहीं गोष्टी आग्रहानें ठरवून घ्याव्या. पहिली ही, कीं मुलगी कोणाच्या स्वाधीन आहे तें नांवानिशीं ठरावें. आजी सहासष्ट वर्षांची. तिलाच एखादे दिवशीं ताप आला तर? म्हणून आजीखेरीज दुसरी एक बाई, ती छत्तिशीची असेल तर उत्तमच, हिनें तें पत्करावें. आणि दिंडीप्रमुखांसमक्ष तें बोललें जावें. प्रत्येक मुक्कामीं त्या बाईनें मुलीला एकदां डोळ्यांनीं पाहावें, केवळ "आहे ना?" म्हणून विचारून समाधान मानूं नये. मुलीच्या गळ्यांत नांव, गांव आणि दोन दूरध्वनि क्रमांक लिहिलेला पुठ्ठा असावा. आणि चुकामूक झालीच तर इकडेतिकडे न धांवतां आहे तेथेंच थांबावें, किंवा जवळच्या पोलिसाला अगर चोपदाराला सांगावें, हें तिच्याकडून घरीं दोनदां वदवून घ्यावें.

दुसरी गोष्ट शरीराची. नव्या चपला घेऊं नयेत. महिनाभर वापरलेल्या, पायाला बसलेल्या असाव्या. मीठसाखरेच्या पाण्याचीं पुडकीं, फोडांवर लावावयाची पट्टी आणि डोक्यास पांढरा रुमाल बरोबर द्यावा. तिनें महिनाभर आधीं रोज पहांटे आजीबरोबर चालावें, म्हणजे दोघींनाहि एकमेकींच्या चालीची संवय होईल. मुलगी तेरा वर्षांची आहे. तेव्हां मासिक धर्माविषयीं आईनें तिच्याशीं अगोदर उघडपणें बोलावें, लागेल तें सामान तिच्या पिशवींत ठेवावें, आणि अशा दिवसांत कोणाला सांगावयाचें तेंहि ठरवून द्यावें. ऐन वाटेवर लाजेनें कुचंबण्याची पाळी तिच्यावर येऊं नये.

तिसरी गोष्ट लिहावयास कठीण, पण न लिहिली तर हें सर्व लिहिणें व्यर्थ. आपल्या घरांतून मुलांना वडीलधाऱ्यांचा मान राखावयास शिकवितात, आणि तें योग्यच आहे. परंतु मान राखणें म्हणजे निमूट राहणें, असा अर्थ मुलांच्या मनांत नकळत बसतो. कोणाचें बोलणें, कोणाचा स्पर्श नकोसा वाटला, तर तो माणूस कितीहि वयस्क, कितीहि माळकरी असला, तरी तेथून उठून यावें, मोठ्यानें "नको" म्हणावें आणि त्याच दिवशीं आजीला सांगावें, एवढें आईनें स्पष्ट शब्दांत सांगितलें पाहिजे. आणि पोर सांगावयास आली, तर "अग, ते असे नाहींत" हें वाक्य आजीनें उच्चारूं नये. मेळ्यांतल्या धाकट्याला प्रश्न विचारण्याचा हक्क असावा असें आम्ही वर म्हटलें. तक्रार करण्याचा हक्क त्याच्याहि अगोदरचा.

आतां दोन शब्द त्या मुलीसाठीं. आईनें ते तिला वाचून दाखवावे. बाळ, हसतील का म्हणून विचारतेस, तर कोणी कोणी हसेलहि. त्यांना हसूं द्यावें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्यांच्याजवळ जाऊन बसावें. पाय दुखले तर दुखले म्हणून सांग. लपविलेला फोड पिकतो, आणि मग साऱ्यांनाच थांबावें लागतें. तुझ्या वाट्याला एक काम मागून घे. संध्याकाळीं थकलेल्या आजीबाईंना पाणी देणें असेल, किंवा हरिपाठाच्या वेळीं टाळ मांडून ठेवणें असेल. पण तें रोज तूंच कर. एका कामाची माणूस झालीस, कीं बाकीचीं वीस कामें सांगणारे आपोआप कमी होतील. आणि जें कळणार नाहीं तें विचार. वीणा खालीं कां ठेवीत नाहींत? रिंगण कशासाठीं? या घाटाला राजूरचा घाट कां म्हणतात? पांचांपैकीं दोघे सांगणार नाहींत; तिसरा सांगूं लागला, कीं त्याचें सारें आयुष्य तुला ऐकावयास मिळेल. समवयस्क मैत्रीण मिळणार नाहीं हें खरें. पण मोठीं माणसें एकेकटीं गांठलीं म्हणजे तीं वाटतात तितकीं मोठीं नसतात.

मामंजींची शंका अजून शिल्लक आहे, आणि त्यांचा मान राखून तिचें उत्तर द्यावयास हवें. धाकट्या माणसामुळें मेळ्याची चाल मंदावते, हें खरें आहे. तिला मध्यें चार वेळां थांबावें लागेल, आणि तिच्याबरोबर इतरांसहि थांबावें लागेल. परंतु तिच्या निमित्तानें जे थांबतील, त्यांत स्वतः थांबा म्हणावयास लाजणाऱ्या तीन म्हाताऱ्या असतील. त्यांनाहि तेवढाच विसांवा मिळेल. शिवाय या दिंडींतली बहुतेक मंडळी पन्नाशीच्या पुढची आहेत. या वर्षींचा पाऊस कोठें गांठला, घाटांत कोणी कोणता अभंग म्हटला, कोणत्या घरीं पिठलें-भाकरी कशी मिळाली, हें सर्व त्यांच्या आठवणींत आहे, आणि त्यांच्याबरोबरच तें जाणार. साठ वर्षांनीं त्यांतलें कांहीं सांगूं शकणारें एकच माणूस या साऱ्या मेळ्यांत असेल, आणि तिला मागें ठेवावयाची मामंजींची सूचना आहे. नामदेवादि संतांच्या मागें त्यांच्या वाटचालीच्या गोष्टी राहिल्या, म्हणून आज गोरोबांचें थापटणें आपल्याला ठाऊक आहे. तेवढ्यासाठीं तरी मामंजींनीं फिरून विचार करावा.

भगिनीनें मुलीच्या पिशवींत एक कोरी वही आणि दोन पेन्सिली ठेवाव्या. परत आल्यावर तिनें त्यांतलें काय लिहिलें तें आम्हांस कळवावें. मुलीची हरकत नसेल तर तें वाचावयास आम्हांस आवडेल.